कुत्र्याच्या रक्तातली फौज आणि आपली मुलं

फजरच्या नमाजला निघालेली माणसं असोत की सकाळी मकतबला जाणारी मुलं, गल्लीच्या तोंडाशी बसलेली चार-पाच कुत्री त्यांना रोज भेटतात. हिंगोली शहर असो, वसमत, कळमनुरी, सेनगाव असो की औंढा नागनाथ, चित्र सगळीकडे सारखंच आहे. आपल्या घरांत सहसा कुत्रा पाळत नाहीत. त्यामुळे कुत्र्याबद्दल आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात. त्याची लाळ लागली तर धुवायचं, आणि तो चावला तर दवाखान्यात जायचं. यातली दुसरी गोष्टही अनेकदा उशिराच आठवते.

आज आम्ही कुत्र्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये कुत्र्याच्या रक्तातल्या प्रतिकारपेशी काढून त्यांच्यावर संशोधन होतं. हे ऐकलं की मनात लगेच प्रश्न येतात. कशासाठी? त्यासाठी कुत्र्याला मारतात का? आपल्याला टोचतात त्या लशीत कुत्र्याचं काही असतं का? या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत. ती समजली की हेही कळेल, की गल्लीतल्या कुत्र्याच्या रक्तात काय चाललंय याच्याशी आपल्या मुलांच्या जिवाचा थेट संबंध आहे.

रक्तातली फौज म्हणजे काय?

माणसासारखंच कुत्र्याच्या रक्तातही तांबड्या आणि पांढऱ्या पेशी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशींचं काम राखणदारीचं. निरोगी कुत्र्याच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे एका बारीक थेंबाच्याही छोट्या भागात, साधारण ६ हजार ते १७ हजार पांढऱ्या पेशी असतात.

या फौजेत सगळ्यांचं काम एकसारखं नसतं. काही पेशी जंतू दिसला की त्याला गिळून टाकतात. त्यातल्या मोठ्या गिळणाऱ्या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. काही पेशी जंतूचा तुकडा उचलून इतरांना दाखवतात, जणू चोराचा फोटो चौकीवर नेऊन देतात. बी पेशी त्या फोटोवरून प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी तयार करतात. ही प्रतिपिंडं जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. टी पेशी दोन कामं करतात. काही जणी बाकीच्या फौजेला हुकूम देतात, तर काही जणी जंतू शिरलेल्या पेशींनाच मारतात.

लढाई संपल्यावर यातल्या काही बी आणि टी पेशी मागे राहतात आणि तो जंतू लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी तोच जंतू आला की फौज ताबडतोब उठते. लस याच आठवणीवर चालते. खरा आजार न होता शरीराला जंतूची ओळख करून द्यायची, एवढंच तिचं काम.

आपल्याकडे गाय व्याली की चिकाचा खरवस करतात. कुत्रीच्या पहिल्या दुधातही असाच चीक असतो, आणि पिल्लाला आईची बहुतेक प्रतिपिंडं त्यातूनच, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात मिळतात. ही उसनी प्रतिपिंडं काही आठवडे टिकतात आणि तोवर लशीच्या कामातही आडवी येतात. म्हणून पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. उसनी शिदोरी संपत येते तेव्हा स्वतःची फौज तयार करायची.

प्रयोगशाळेत या पेशी कशा काढतात?

यासाठी कुत्र्याला मारावं लागत नाही. त्याच्या पायाच्या किंवा मानेच्या शिरेतून थोडं रक्त घेतात, जसं आपलं रक्त तपासणीसाठी घेतात. दहा किलोच्या कुत्र्याच्या अंगात साधारण ८०० ते ९०० मिलिलिटर रक्त असतं. त्यातले दहा-वीस मिलिलिटर बहुतेक कामांना पुरतात.

रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं. मग ते रक्त एका खास दाट द्रवावर अलगद सोडतात आणि नळी यंत्रात वेगाने फिरवतात. दूध तापवून ठेवलं की साय वर येते, तसंच इथेही वजनाप्रमाणे थर लागतात. जड तांबड्या पेशी तळाला बसतात. वर पिवळसर पाणी राहतं. मधल्या सांध्यावर एक पातळ पांढुरका पट्टा दिसतो. त्यातच बी पेशी, टी पेशी आणि मॅक्रोफेज बनू शकणाऱ्या पेशी असतात. तो पट्टा बारीक नळीने उचलून धुतात. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा-वीस लाख पेशी हाती लागतात.

या पेशी अन्नद्रवात घालून ३७ अंश तापमानाच्या कपाटात ठेवल्या की काही दिवस जगतात. जास्त काळ ठेवायच्या असतील तर त्यांत गोठण्यापासून वाचवणारं औषध मिसळतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. तिथे त्या वर्षानुवर्षं राहू शकतात. हवं तेव्हा कोमट पाण्यात वितळवून पुन्हा कामाला लावतात. म्हणजे एकदाच घेतलेल्या रक्तावर अनेक चाचण्या होतात आणि कुत्र्याला पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

ताज्या रक्तातल्या पेशी काही दिवसांत संपतात. पण काही पेशी प्रयोगशाळेत कायम वाढत राहतात. त्यांना पेशीरेषा म्हणतात. कुत्र्याच्या मॅक्रोफेजपासून तयार झालेली 'डीएच ८२' ही अशीच एक प्रसिद्ध पेशीरेषा. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना प्राण्यांच्या आणि माणसांच्या पेशीरेषा जपून पुरवणं हे त्याचं एक मुख्य काम आहे.

या पेशींचा उपयोग काय?

पहिला उपयोग लशीची परीक्षा घेण्याचा. लस दिलेल्या कुत्र्याच्या पेशी बशीत घेतात आणि त्यांना जंतूचा निकामी केलेला तुकडा दाखवतात. फौजेला आठवण असेल तर पेशी भराभर वाढतात. ही वाढ मोजण्याची एक साधी युक्ती आहे. पेशींना आधी चमकणारा रंग देतात. एका पेशीच्या दोन झाल्या की रंग अर्धा-अर्धा वाटला जातो. रंग जितका फिका, तितकी वाढ जास्त. रेबीजच्या बाबतीत याच्या जोडीला रक्तातली प्रतिपिंडंही मोजतात. एका मिलिलिटरमध्ये ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त असतील, तर लस लागू पडली असं मानतात.

दुसरा उपयोग गोचीड तापासाठी. मराठवाड्यात गुरं-कुत्री सांभाळणाऱ्याला गोचीड म्हणजे काय ते सांगायला नको. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड 'एर्लिकिया' नावाचा जंतू पसरवते. हा जंतू राखणदारांच्याच पोटात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. साध्या अन्नद्रवात तो वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून तो वाढवायला आणि त्याच्यावरची औषधं तपासायला डीएच ८२ सारख्या पेशी लागतात.

तिसरा उपयोग कॅन्सरसाठी, आणि तो थेट माणसापर्यंत येतो. कुत्र्याला होणारा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, माणसाच्या लिम्फोमाशी बराच मिळताजुळता असतो. उंदराला प्रयोगशाळेत मुद्दाम कॅन्सर करावा लागतो. कुत्र्याला तो आपल्यासारखाच, वय वाढताना आपोआप होतो. तो राहतोही आपल्याच हवेत आणि आपल्याच गल्लीत. ल्युकेमियाच्या रुग्णांना आज बोन मॅरो म्हणजे अस्थिमज्जा बदलून जीवदान मिळतं. अमेरिकेतले डॉक्टर ई. डोनाल थॉमस यांनी त्याचा पाया कुत्र्यांवरच्या संशोधनातून घातला. त्यांना १९९० चं नोबेल मिळालं.

आता टी पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडण्याचे उपचार आले आहेत. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांच्या टी पेशींवर असं काम केलं आहे. माणसांसाठीचा पहिला भारतीय उपचार आपल्या मुंबईत तयार झाला. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार १९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. टाटाला जाऊन आलेली कुटुंबं आपल्याही नात्यागोत्यात आहेत. या उपचाराचं मोल त्यांना वेगळं सांगायला नको.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. बशीतल्या पेशी म्हणजे पूर्ण शरीर नव्हे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू हे तिथे नसतात. त्यामुळे बशीत चाललेलं औषध अंगात चालेलच असं नाही. पण बशीतच फसलेलं औषध प्राण्याला देण्याची गरज उरत नाही, हा मोठा फायदा आहे.

प्राण्याला त्रास होत असेल तर?

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची मगफिरत झाली, हा किस्सा आपल्या मुलांना मदरशात शिकवतात. सूरह कहफमधल्या गुहेतल्या तरुणांसोबत कुत्रा होता, हेही सगळ्यांना माहीत आहे. लाळेच्या नापाकीचा मसला आपल्या जागी आहे, पण मुक्या जिवावर जुल्म करायला त्यातून परवानगी मिळत नाही.

देशाचा कायदाही यावर बोलतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती असते आणि प्रयोग करणाऱ्या संस्थेत नैतिक समिती लागते. प्राण्याशिवाय हे काम का होणार नाही, किती प्राणी लागतील, वेदना कशी टाळणार, याची उत्तरं आधी द्यावी लागतात. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या चाचणीचे नियम बदलले आणि पेशींवर किंवा संगणकावर केलेल्या चाचण्यांनाही जागा मिळाली. म्हणजे थोड्याशा रक्तातल्या पेशींवर जितकं जास्त काम होईल, तितके जास्त प्राणी सुटतील.

लशीत कुत्र्याचं काही असतं का?

नाही. पण ही शंका का येते, हे आम्ही समजू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवून बनवत. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीत ही पद्धत काढली. मुंबईत परळला १८९९ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे हाफकिन यांचं नाव मिळालेल्या संस्थेतही ती बनत असे. तिने लाखो माणसं वाचवली, पण तिच्यात एक दोष होता. मेंदूच्या त्या अंशामुळे काही जणांची प्रतिकारफौज गोंधळून स्वतःच्याच नसांवर तुटून पडायची आणि त्यांना लकवा मारायचा. भारतात २००५ पर्यंत ही लस बंद झाली.

आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. त्यासाठी व्हेरो नावाची माकडाच्या मूत्रपिंडापासूनची पेशीरेषा वापरतात, किंवा कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशी. मग विषाणू मारतात आणि शुद्ध करतात. त्यात कुत्र्याचं रक्तही नसतं आणि कुत्र्याच्या पेशीही नसतात. ही लस दंडात घेतात, पोटात नाही.

खोल जखमेसाठी लशीसोबत तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात, कारण आपल्या बी पेशींना स्वतःची प्रतिपिंडं बनवायला आठवडाभर तरी लागतो. पूर्वी ही प्रतिपिंडं फक्त घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये प्रयोगशाळेत बनणारं प्रतिपिंड बाजारात आणलं. औषधातल्या घटकांबद्दल मनात शंका असेल तर आलिमांना जरूर विचारा. पण जीव वाचवण्याला आपल्या दीनमध्ये काय दर्जा आहे, हे आम्ही नव्याने सांगायला नको. रोजात इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक आलिमांचं मत आहे. म्हणून आधी इंजेक्शन, मग मसला.

कुत्र्याची लस ही आपल्या मुलांची ढाल

रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेतून नसांमध्ये शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. नसांत तो फौजेच्या नजरेआड असतो. म्हणूनच लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, आणि एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार लोक रेबीजने मरतात. माणसाला होणारा ९९ टक्के रेबीज कुत्र्यामुळे होतो. संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात.

आता रक्तातल्या फौजेकडे परत येऊ. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांच्या पेशींना रेबीजची आठवण असेल, तर विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट मिळत नाही आणि साखळी तुटते. हे फक्त कागदावरचं गणित नाही. शेजारच्या गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने गल्लोगल्ली फिरून, जाळीने कुत्री पकडून त्यांना लस टोचली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाला. कुत्र्यामुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचं लक्ष्य भारतानेही ठेवलं आहे.

कुत्री मारून हे होत नाही. जागा रिकामी झाली की बाहेरची, लस नसलेली कुत्री येतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रा पकडायचा, त्याची नसबंदी करायची, लस द्यायची आणि त्याच भागात परत सोडायचा, ही नगरपालिकेची आणि पंचायतीची जबाबदारी आहे. हे झालं का, आमच्या मोहल्ल्यात कधी होणार, हे आपल्या नगरसेवकाला विचारायचा हक्क आपल्याला आहे. मोहल्ल्यातल्या चार जणांनी लेखी अर्ज दिला तर तो नुसत्या तक्रारीपेक्षा पुढे जातो. शेतावर राखणीचा कुत्रा ठेवणाऱ्या भावांनी त्याला दरवर्षी लस द्यावी. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना त्यासाठीच आहे, आणि शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

काही जण म्हणतात, आपण कुत्रा पाळत नाही, मग आपला काय संबंध? उलट आहे. पाळणाऱ्याचा कुत्रा निदान दवाखान्यात जातो. आपल्या मुलांना भेटतो तो गल्लीतला, ज्याचा कुणी मालक नाही.

कुत्रा चावला तर

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला लांबून गिऱ्हाईक येतं. म्हणून एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. चावलेल्या जागी हळद लावू नका. मिरची, चुना, तेल, तंबाखू, काहीच लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. धुण्याची सवय आपल्याला आहेच, ती इथे जीव वाचवते.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे लस मोफत आहे. कातडीत देण्याची लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. दंडाच्या स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशीही एक असते. रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात गेली असेल, तर तयार प्रतिपिंडं लागतील का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ती जखमेतच टोचावी लागतात. नुसता ओरखडा असला तरी लस घ्यायचीच. गरोदर बाई असो की तान्हं मूल, सगळ्यांना ती देता येते. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी पहिलं इंजेक्शन थांबवू नका. आणि जखम भरली म्हणून शेवटचा डोस सोडू नका, कारण फौजेची आठवण त्यानेच पक्की होते.

मुलं कधी कधी मार बसेल या भीतीने चावल्याचं लपवतात. घरातल्या आया-बहिणींना आमची विनंती आहे, की मुलांना आजच सांगा, कुत्र्याने दात किंवा नख लावलं तर लगेच येऊन सांगायचं, कुणी रागावणार नाही. या लेखातलं बाकी सगळं विसरलं तरी हे एक लक्षात राहू द्या.